लाल मणी ते आशाताई: ‘सर्च’ची वाटचाल

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ सुरू केली. गडचिरोलीत संस्थेचं पहिलं बस्तान बसलं ते तेंदूपानांच्या गोदामात.

मुलं न्यूमोनियाने दगावत होती. त्याची खूण म्हणजे वाढलेला श्वास: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ, मोठ्या मुलाचे पन्नास. पण एवढं मोजायचं कोणी? गावातल्या सुईणी निरक्षर होत्या. म्हणून ‘सर्च’ने एक साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्याच्या ओळीत पाच हिरवे आणि सहावा लाल. मोठ्याच्या ओळीत चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर औषध सुरू करायचं. ज्या हातांत साधन जायचं, त्या हातांना काय जमतं इथून विचार सुरू झाला, हे मला या शोधाचं खरं मोल वाटतं.

पुढचं पाऊल धाडसाचं होतं. १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून तयार केलेल्या बायका घरोघर जाऊन नवजात बाळं तपासू लागल्या. जंतुसंसर्ग दिसला, तर आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शनही त्याच देत. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. डिसेंबर १९९९ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ने हे संशोधन छापलं.

प्रश्न होता तो विश्वासाचा: सुई डॉक्टरांच्या हातून गावातल्या बाईच्या हाती द्यायची का? ‘अंकुर’ प्रकल्पातून महाराष्ट्रातल्या इतर संस्थांनी ही पद्धत आपापल्या भागात राबवून पाहिली. २०११ मध्ये केंद्र सरकारने ती ‘आशा’ या गावातल्या आरोग्यसेविकांमार्फत देशभर नेली. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर सहा घरभेटी, घरी झालं असेल तर सात, आणि मानधन अडीचशे रुपये. इंजेक्शन मात्र आशाच्या कामात आलं नाही.

इथेच माझं मन अडतं. गडचिरोलीत आरोग्यदूताच्या पाठीशी सततचं प्रशिक्षण होतं, गावात येऊन तिचं काम पाहणारा पर्यवेक्षक होता. पद्धत देशभर न्यायची, तर हा आधारही सोबत न्यायला हवा, आणि त्यासाठी सरकारने आशाताईंच्या मानधनाइतकाच त्यांच्या पर्यवेक्षणावरही खर्च करायला हवा.