गिअरबदलाचा वेळ मोजायचा कुठून कुठवर?

गिअर किती झटपट पडला हे सांगताना चालक बहुधा हाताच्या हालचालीबद्दल बोलत असतो. गाडीच्या दृष्टीने मात्र चाकांना इंजिनाची ओढ मिळणे थांबते तेव्हा गिअरबदल सुरू होतो आणि ती परत मिळू लागते तेव्हा संपतो. मोजायचा तो हा खंड. म्हणून डेटा लॉगरच्या सगळ्या आलेखांत माझा भरवसा त्वरणाच्या आलेखावर आहे.

आरपीएमचा आलेख डोळ्यांत भरतो खरा. दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.९ आणि तिसऱ्याचे १.३ धरले, तर ६५०० आरपीएमवरचे इंजिन त्याच वेगाला सुमारे ४४५० वर यायला हवे. पण क्लच दाबलेला असतानाही ते तिथवर उतरू शकते. आकडा जुळला म्हणजे ओढ परतली असे नव्हे.

त्वरणाची रेषा अॅक्सिलरेटर सोडताच कोसळते आणि शून्याच्याही खाली जाते, कारण हवेचा आणि टायरचा रोध चालूच असतो. मग ती उसळते. क्लच झटक्यात सोडला असेल तर काही हेलकावेही खाते. मग शेवट कुठे धरायचा? रेषा जुन्या पातळीवर येण्याची वाट पाहणे चूक, कारण तिसऱ्या गिअरमध्ये चाकाला मिळणारा टॉर्क मुळातच कमी असतो. दुसऱ्या गिअरच्या त्वरणाच्या ९० टक्क्यांखाली रेषा उतरली की सुरुवात, आणि तिसऱ्या गिअरच्या स्थिर त्वरणाच्या ९० टक्क्यांना ती पहिल्यांदा पोचली की शेवट, असे मी धरतो. टक्केवारी वेगळी घेतली तरी चालेल, पण सगळ्या फेऱ्यांना एकच हवी.

सेकंदाला १० नोंदी घेणारा लॉगर इथे अपुरा पडतो. २५० मिलिसेकंदांचा बदल त्यावर कधी २०० दिसतो, कधी ३००. दोन चालकांतला खरा फरक याच फटीत हरवतो. शर्यतीच्या सीक्वेन्शियल गिअरबॉक्समध्ये इग्निशन क्षणभर तोडून क्लचविनाच गिअर पडतो. तो खंड १०० मिलिसेकंदांच्या आत आटोपला, तर अशा लॉगरला दिसेलच याची खात्री नाही. १०० नोंदी घेतल्या की अनिश्चितता १० मिलिसेकंदांवर येते, मात्र रेषा गुळगुळीत करणारा फिल्टर जपून लावावा. तो खड्डा रुंद करून वेळ फुगवतो. ओबीडी पोर्टवरून आरपीएम आणि वेग एकामागून एक विचारले जातात, त्यामुळे ते एकाच क्षणाचे मानू नयेत.

गाडी ३ मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरणाने धावत असेल, तर ०.४ सेकंदांच्या खंडात ताशी सुमारे ४.३ किलोमीटर वेग मिळायचा राहतो. रोधाने घटणारा वेग वेगळाच.