‘अँड’ मेथडची कुळकथा

जावा भाषेतील वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये कोणाला कोठपर्यंत प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या स्प्रिंग सिक्युरिटी या लायब्ररीत ‘अँड’ नावाची एक मेथड, म्हणजे नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा, अनेक वर्षे नांदली. तिचे मूळ मात्र जावात नसून एक्सएमएलमध्ये आहे. या लायब्ररीचे प्रारंभीचे नियम एक्सएमएल फायलींत लिहिले जात, जेथे प्रत्येक उपविभाग उघडणाऱ्या टॅगने सुरू होई आणि बंद करणाऱ्या टॅगने संपे. डिसेंबर 2013 मधील 3.2 या आवृत्तीने हेच नियम जावाच्या कॉन्फिगरेशन क्लासमध्ये लिहिण्याची सोय केली, तेव्हा बंद करणाऱ्या टॅगचे काम ‘अँड’कडे आले: ‘फॉर्मलॉगिन’ लिहून लॉगिनच्या उपविभागात शिरायचे, त्याचे पान ठरवायचे आणि ‘अँड’ लिहून मूळ ‘एचटीटीपी’ ऑब्जेक्टकडे परतायचे.

या वारशात एक उणीव राहिली. एक्सएमएलचा बंद करणारा टॅग आपण काय बंद करतो ते नावानिशी सांगतो, तर ‘अँड’ कोठे परतते हे त्या मेथडचा रिटर्न टाइप ठाऊक असल्याखेरीज कळत नाही. शिवाय कोड आपोआप नीटनेटका करणारी साधने सर्व ओळी एकाच पातळीवर आणत असल्याने उपविभागांची उतरंडही दिसेनाशी होई. 2019 च्या 5.2 आवृत्तीत लॅम्डा, म्हणजे दुसऱ्या मेथडला थेट सोपवता येणारे निनावी फंक्शन, वापरण्याची शैली आली आणि प्रत्येक उपविभाग स्वतःच्या कंसात बंदिस्त झाला. उपविभागाची लायब्ररीने आधीच ठरवलेली मांडणी हवी असल्यास त्या कंसात ‘विथडिफॉल्ट्स’ लिहिले की पुरते.

त्यानंतर 2023 मधील 6.1 आवृत्तीत ‘अँड’ डेप्रिकेटेड ठरली, म्हणजे ती चालू राहिली, पण वापरणाऱ्याला कंपाइल करताना इशारा मिळू लागला, आणि नोव्हेंबर 2025 च्या 7.0 आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. नवी शैली आधी रुळू देऊन जुनीला निरोप देण्याचा हा क्रम जुना कोड सांभाळणाऱ्यांच्या सोयीचा आहे, कारण लॅम्डाची शैली 6 च्या आवृत्त्यांतही चालत असल्याने आधी तेथेच एकेक ‘अँड’ काढून, चाचण्या चालवून, इशारे संपवता येतात; 7.0 कडे त्यानंतरच वळणे शहाणपणाचे ठरते, कारण तेथे उरलेली एक ‘अँड’देखील कोड कंपाइल होऊ देत नाही.