पैनगंगा ते गोदावरी : आदिलाबादचा मार्ग आणि वसाहत

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा जुना मार्ग, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ आणि आजचा ४४, पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत शिरतो, गुडिहत्नूर व नेरडीगोंडा मागे टाकत महबूब घाटाने निर्मळकडे उतरतो आणि सोन येथे गोदावरी पार करतो. त्याचा इतिहास फौजांपेक्षा जमिनीच्या शोधात निघालेल्या कुटुंबांचा अधिक आहे.

दख्खनच्या अशा वाटांवर पूर्वी लमाणांचे तांडे, म्हणजे नाईकाच्या आज्ञेत चालणारे बैलांचे काफिले, मीठ व धान्य वाहत आणि मोहिमेवरील फौजांना रसद पुरवत; एकोणिसाव्या शतकात गाडीरस्ते आणि आगगाडी यांनी हा व्यवसाय हिरावून घेतल्यावर अनेक तांडे शेतीकडे वळले. पुढे काळ्या कपाशीच्या जमिनीच्या ओढीने वऱ्हाड-मराठवाड्यातून कुणबी व इतर मराठी कुटुंबे आणि दक्षिणेकडून तेलुगू शेतकरी येत राहिले, तर १९२९ मध्ये काझीपेठ–बल्लारशा लोहमार्ग पूर्ण झाल्याने जिल्ह्याचा पूर्वभागही खुला झाला.

परंतु ही जमीन रिकामी नव्हती. गोंड आणि कोलाम एक शेत काही वर्षे कसून ते पडीक सोडत व दुसरीकडे सरकत, त्यामुळे विसाव्यासाठी सोडलेली जमीन महसुली कागदावर बेवारस ठरे. तिचा काही भाग राखीव जंगलात गेला आणि उरलेल्या भागाचा पट्टा, म्हणजे कबजाहक्काचा दाखला, कचेरीचे व्यवहार जाणणाऱ्या नवागताला सहज मिळे. अमेरिकेत १८६२च्या होमस्टेड कायद्याने मैदानी प्रदेश वसाहतकऱ्यांना वाटला, तेव्हा तेथील मूळ रहिवाशांबाबत बरेचसे असेच घडले होते, आणि दोन्हीकडच्या नवागतांचे कष्ट खरे असले तरी त्यांनी मूळ अन्याय पुसला जात नाही. गोंड नेता कुमराम भीम याने जमिनीच्या याच प्रश्नावर लढा दिला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे त्याला वीरमरण आले; त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास पाठवले, त्यांच्या शिफारशींनंतर गोंडांना पट्टे मिळाले आणि मार्लवाईत शिक्षक घडवणारे केंद्र उभे राहिले.

१९५६च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, तरी सोयरीक आणि वर्दळ सीमेने थांबली नाही. १९७६च्या कायद्याने लंबाडा, म्हणजे लमाण, तेलंगणात अनुसूचित जमात ठरले, महाराष्ट्रात मात्र ते विमुक्त जातींतच राहिले. या फरकामुळे सीमेपलीकडून नवे स्थलांतर झाले आणि गोंडांच्या जमिनीवरचा ताण वाढला. गुडिहत्नूरहून उटनूरकडे फुटणाऱ्या रस्त्यावरील इंद्रवेल्ली येथे २० एप्रिल १९८१ रोजी जमले असता पोलिसांच्या गोळ्या झेललेल्या गोंडांची मुख्य मागणी जमिनीचीच होती.