गंगाजळी

स्टू उंगर हे नाव ऐकलंय? वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा हा पठ्ठ्या तीनदा जिंकला: १९८०, १९८१ आणि १९९७. शेवटच्या वेळी तर प्रवेश फीचे १० हजार डॉलरही खिशात नव्हते, दुसऱ्याने भरले. १० लाख डॉलर जिंकला. निम्मे पैसे भरणाऱ्याला गेले, उरलेले पैजा आणि ड्रग्जमध्ये संपले. नोव्हेंबर १९९८ मध्ये लास व्हेगासच्या एका स्वस्त मोटेलमध्ये तो मृतावस्थेत सापडला. वय ४५, जवळ साधारण ८०० डॉलर.

खेळण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला पोकरवाले बँकरोल म्हणतात. आपल्याकडचा जुना शब्द वापरायचा तर गंगाजळी. पत्ते खेळणं ही एक विद्या आणि गंगाजळी सांभाळणं ही दुसरी. उंगरला पहिली येत होती.

दुसरीचा धडा दिला क्रिस फर्ग्युसनने. हा कॉम्प्युटर सायन्समधला पीएचडी आणि २००० सालचा विजेता. २००६ मध्ये त्याने एक प्रयोग सुरू केला: फुल टिल्ट पोकर या साईटवर शून्य डॉलरपासून १० हजारांपर्यंत पोचायचं. सुरुवात फुकट प्रवेशाच्या स्पर्धांपासून. नियम साधेच. एका टेबलावर गंगाजळीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त न्यायचे नाहीत, मोठ्या स्पर्धेत २ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. अगदी किरकोळ फीच्या स्पर्धांना तेवढी सूट.

यातली गंमत बघा. दर वेळी उरलेल्या रकमेच्या ५ टक्के लावले आणि सलग २० वेळा हरलात, तरी सुमारे ३६ टक्के शिल्लक राहतात. हरत गेलात की टेबल आपोआप लहान होत जातं. म्हणजे "आता एका डावात सगळं वसूल करतो" ही खुमखुमी नियमातच मारलेली. सुरुवातीला तो अनेकदा परत शून्यावर आला, पण साधारण दीड वर्षात १० हजार झाले.

गोष्ट इथेच संपली असती तर छान झालं असतं. पण फर्ग्युसन हा फुल टिल्टचा एक संस्थापक आणि संचालकही होता. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकन सरकारने ती साईट अमेरिकेत बंद पाडली. सप्टेंबरमध्ये सरकारी वकिलांनी कोर्टात मांडलं, की मार्चअखेर कंपनी खेळाडूंचं ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि बँकेत होते फक्त ६ कोटी. मालक आणि संचालकांना मात्र चार वर्षांत सुमारे ४४ कोटी वाटले गेले होते. फर्ग्युसनने २०१३ मध्ये चूक मान्य न करता तडजोड केली. पैसे परत मिळायला अमेरिकन खेळाडूंना २०१४ उजाडलं.

त्यात ५ टक्क्यांचा नियम काटेकोर पाळणारेही असणारच. बिचारे प्रत्येक डावात फक्त ५ टक्के लावत होते, पण ज्या साईटवर पैसे ठेवले तिच्यावर शंभर टक्के लागलेले होते.

ही गोष्ट वाचल्यापासून मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. किती लावतोय? आणि उरलेले कुणाच्या खिशात आहेत? पहिल्याचं उत्तर मी एक्सेलमध्ये काढतो. दुसऱ्याचं त्यात निघत नाही, त्यासाठी उठून चौकशी करावी लागते, आणि नेमका तिथेच आपल्याला कंटाळा येतो.