तीन आण्यांचा वाद

लोकसभेत १९६३ साली गाजलेला वाद. फर्रुखाबादची पोटनिवडणूक जिंकून समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया (१९१०–६७) त्याच वर्षी सभागृहात आले. नेहरू सरकारवर आचार्य कृपलानी यांनी ऑगस्टमध्ये अविश्वासाचा ठराव मांडला. त्या चर्चेत लोहियांनी ठणकावून सांगितले, की देशातील २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर, म्हणजे जेमतेम १९ पैशांवर जगतात आणि पंतप्रधानांवर मात्र रोज २५ हजार रुपये खर्च होतात. नेहरूंनी १५ आण्यांचा आकडा पुढे केला. तो सरासरीचा होता. लोहिया तळच्या माणसाबद्दल विचारत होते, आणि खरा प्रश्न तोच होता. ठराव फेटाळला गेला, पण या आकड्यांवर सप्टेंबरमध्ये सभागृहाला पुन्हा चर्चा करावी लागली.