युनिक्सची संदर्भपुस्तिका आणि नवागत वाचक

संगणक-प्रणालीच्या वापराची माहिती त्या प्रणालीतच साठवलेली असावी आणि एका आज्ञेसरशी ती वाचकापुढे यावी, ही व्यवस्था आज स्वाभाविक वाटते. ती मात्र क्रमाक्रमाने घडत गेली. तिचा इतिहास पाहू लागले असता एक भाषिक प्रश्न उपस्थित होतो. जाणकारांनी जाणकारांसाठी रचलेले लेखन नवशिक्याच्या हाती पडले म्हणजे त्याचा अर्थ त्याला कितपत लागतो ?

या इतिहासाचा आरंभ मजकुराच्या मांडणीच्या साधनांपासून होतो. १९६४ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे जेरोम सॉल्टझर यांनी 'रनऑफ' ही आज्ञावली रचली. ओळीच्या प्रारंभी टिंब देऊन मांडणीच्या सूचना लिहावयाच्या व यंत्राने त्यांप्रमाणे पाने सिद्ध करावयाची, अशी तिची रीत होती. तिच्याच वंशातील 'रॉफ' ही आज्ञावली न्यू जर्सीतील बेल लॅबोरेटरीजमध्ये युनिक्सवर आली. त्या संस्थेच्या पेटंट विभागाचे लेखनकाम हे युनिक्सच्या आरंभीच्या उपयोगांपैकी एक होते. पुढे जो ओसाना यांनी 'ट्रॉफ' रचून छापील अक्षरजुळणीची सोय केली.

केन टॉम्पसन व डेनिस रिची यांच्या संदर्भपुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. ती सिद्ध व्हावी असा आग्रह डग्लस मॅकिलरॉय यांनी धरला होता. तिची रचना कोशासारखी आहे. प्रत्येक आज्ञेची नोंद स्वतंत्र असून नाव, वापराचे सूत्र, विवरण, संबंधित फाइली आणि ज्ञात दोष अशी तिची अंगे ठरलेली आहेत. सूत्रात चौकटी कंसांतील पद वैकल्पिक असते आणि ओळीने दिलेली टिंबे आधीच्या पदाची आवृत्ती सुचवितात. थोडक्यात, सूत्र हे एका लहानशा भाषेचे व्याकरणच होय. स्वतःच्या कृतीतील दोष त्याच पानावर नमूद करण्याचा प्रांजळपणाही लक्षणीय आहे.

तथापि याच आवृत्तीतील आणखी एक सदर अधिक बोलके आहे. ते 'ओनर' म्हणजे त्या आज्ञेचा जबाबदार धनी. अडचण आल्यास कोणाला विचारावे हे त्यात सांगितलेले असे. म्हणजे सूत्र कागदावर होते आणि त्यावरील भाष्य शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या मुखी होते. प्रणाली विद्यापीठांत पसरल्यावर सूत्र तेवढे प्रवासाला निघाले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत हे सदर आढळत नाही.

नवागताची अडचण दुहेरी होती. कोशात शब्द शोधण्यासाठी तो आधी ठाऊक असावा लागतो. फाइलीतील मजकूर शोधणाऱ्या आज्ञेचे 'ग्रेप' हे नाव 'एड' या संपादकातील एका सूचनेच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. 'एड' न शिकलेल्याला ते तर्काने गवसणे अशक्यच. दुसरे असे की, सूत्र पदांचा क्रम सांगते, परंतु ती कोणत्या प्रसंगी वापरावी हे सांगत नाही. १९८१ साली मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी युनिक्सच्या आज्ञांची नावे व वर्तन यांवर कठोर टीका केली, ती याच दिशेची होती.

ही उणीव पुस्तिकाकारांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. ब्रायन कर्निगन यांनी नवशिक्यांसाठी निराळे प्रवेशक लिहिले. त्यांनी व मायकेल लेस्क यांनी रचलेली 'लर्न' ही आज्ञावली पाठ देऊन विद्यार्थ्याकडून तो तिथल्या तिथे करवून घेई. नोंदींच्या शीर्ष-ओळीतील प्रत्येक महत्त्वाचा शब्द आळीपाळीने पुढे आणणारी सूचीही पुस्तिकेला जोडण्यात आली. पुढे बर्कली येथील 'अप्रोपो' या आज्ञेने तेच काम पडद्यावर आणले. आता वाचकाला नाव ठाऊक नसले तरी हेतू सांगता येऊ लागला.

या साऱ्यावरून असे दिसते की, नोंदींचा काटेकोरपणा हा दोष नव्हे, कारण अभ्यस्त वाचकाला तोच हवा असतो. दोष उद्भवतो तो कोशालाच पाठ्यपुस्तक मानल्याने. कोश, प्रवेशक व सूची ही तीन भिन्न कार्ये आहेत, आणि विचारावयास शेजारी कोणी नसलेल्या वाचकाला तिन्हींची गरज असते. जे लेखन आपल्या लेखकापासून दूर जाणार आहे, त्याने लेखकाच्या मुखी राहिलेले भाष्यही बरोबर नेले पाहिजे.