८१ हजारांवरून ८२७ वर

१९६५ साल. भिंतीने कापलेलं बर्लिन. खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिले म्हणून हर्था संघाला बुंडेसलिगातून काढलं. पण पश्चिम बर्लिनचा एकही संघ नाही, हे राजकारणाला कसं चालणार? मग जर्मन फुटबॉल संघटनेने नॉयकल्न भागातल्या 'तास्मानिया १९००' या छोट्या क्लबला ऐनवेळी वर घेतलं. तयारी कसली, काही नाही!

पहिल्या सामन्याला ८१ हजार लोक आले, पोरं २-० जिंकलीही. पण ३४ पैकी २८ सामने हरले, १०८ गोल खाल्ले. जानेवारीत ग्लाडबाखविरुद्ध प्रेक्षक फक्त ८२७! टवाळी झाली ती खेळाडूंची. त्यांना तिथे ढकलणाऱ्यांना कोण विचारतो? १९७३ मध्ये क्लबचं दिवाळं निघालं. सलग ३१ सामने विजयाविना, हा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. २०२१ मध्ये शाल्के तीसवर येऊन सुटला.